हेडसरांच्या वाट्याचा चमचा

४ ऑगस्ट

साडू जेवायला आला होता, गळ्यात मेडल घालून. सकाळी एकवीस किलोमीटर पळाल्याचं. म्हणाला, अहो साडूभाऊ, काढायचं राहूनच गेलं बघा. पळणं सकाळचं, जेवण रात्रीचं. मधली अंघोळही मेडलसकट झाली असावी.

बायकोने त्याला दोनदा आग्रह करून वाढलं. मला एकदाही नाही. मेहुणी म्हणाली, ह्यांची नाडी आता कॉलेजच्या पोरासारखी चालते. माझ्या तोंडून निघून गेलं की त्यात एवढं काय आहे, पाय पुढे टाकत राहायचं.  मग साडू म्हणाला, तर मग नोव्हेंबरात या की. मी म्हणालो, येतो. त्याने डाव्या हाताने फोन काढून जेवता जेवता माझं नाव भरलं. टी-शर्टचं माप विचारलं. माझ्या आधी बायकोने सांगितलं, आणि खरं सांगितलं.

काळजी नाही. उभा जन्म पाण्याचे मीटर वाचत लोकांचे जिने चढलो. आता मीटर आपले आपण आकडे पाठवतात आणि मी तक्रारींच्या खिडकीवर बसतो, ही गोष्ट वेगळी. पायांना सगळं ठाऊक आहे. नुसती आठवण करून द्यायची. उद्यापासून पहाटे.

५ ऑगस्ट

गेलो नाही. उजव्या बुटाचा तळ सुटला आहे. घाई करून अपघात नको.

९ ऑगस्ट

गेलो. रस्त्याच्या टोकाच्या लाँड्रीपर्यंत व्यवस्थित. तिथे छातीचा भाता झाला. पायरीवर टेकलो. इस्त्रीवाला म्हणाला, काका, कपडे टाकायचेत का? नाही म्हणालो असतो तर बसलो कशाला ते सांगावं लागलं असतं. संध्याकाळी आणतो म्हणालो. संध्याकाळी चार शर्ट नेऊन दिले. गरज नव्हती.

प्रार्थना नेहमीप्रमाणे. देवाजवळ फक्त दम मागितला. बाकी सगळं आहे.

१४ ऑगस्ट

वरच्या मजल्यावरच्या बाई तीन महिने लेकीकडे चालल्या. लेकीचं बाळंतपण. बाई आयुष्यभर शाळेत शिकवून निवृत्त झाल्या, आणि त्यांनी पाळलेल्या बोक्याचं नाव ठेवलंय हेडसर. करडा, जाड मिशांचा, घरभर हिंडून तपासणी करणारा. बाई त्याला अहोजाहो करतात. त्यामुळे आख्खी बिल्डिंग करते.

हेडसरांचं हृदय अशक्त आहे. बाईंनी पावडरचा एक डबा दिला. टॉरिन. चमचा सकाळी, चमचा संध्याकाळी, खाण्यात मिसळून. चुकवायचा नाही. बाईंनी माझे दोन्ही हात धरले. म्हणाल्या, दुसऱ्या कोणाकडे ठेवलं असतं तर मला झोप लागली नसती, पण तुम्ही देवाचं करणारे. लेक तिच्या घरी सुखी आहे, माझ्या घरात मला एवढेच आहेत.

मी म्हणालो, निश्चिंत जा.

आमच्या गावच्या शाळेतही एक हेडसर होते. ते मारत नसत. वर्गाच्या दारात उभे राहून नुसते बघत. ज्याने काही केलं असेल तो आपोआप उठून उभा राही. या हेडसरांची नजर तशीच आहे. पण मी काही केलेलं नाही.

१७ ऑगस्ट

हेडसरांना पिशवीत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे तपासणीला नेलं. डॉक्टर बोलायला मोकळे आहेत. म्हणाले, बाईंनी माया म्हणून वर्षानुवर्षं दूध आणि पावच खाऊ घातला, त्यात टॉरिन जवळजवळ नसतंच. ते असतं मांसात, माशात. माणसाचं शरीर स्वतःपुरतं टॉरिन तयार करतं, लिव्हरमध्ये. मांजराला ते पुरेसं जमत नाही. बाहेरून मिळालं नाही की हृदयाचा स्नायू सैल पडतो, फुग्यासारखा ताणतो. आता पावडर सुरू केली आहे, नेटाने दिली तर सुधारेल. मध्येच सोडली तर सांगता येत नाही.

मी सहज विचारलं, आणि पळणाऱ्या माणसांचं काय? डॉक्टर हसले. म्हणाले, मी मांजरांचा डॉक्टर. पण वाचलंय थोडं. आपल्या स्नायूंत, हृदयात टॉरिन भरलेलं असतं. स्नायू आवळायचा-सोडायचा म्हणजे कॅल्शियमची आत-बाहेर ये-जा, तिच्यावर त्याची देखरेख. पेशीत पाणी किती राहावं तेही तेच सांभाळतं. लांब पळताना ह्या सगळ्यावर ताण येतो, म्हणून काही जण पळण्याआधी तासभर ते घेतात. काही प्रयोगांत लोक थोडा जास्त वेळ टिकले, काहींत काडीचा फरक पडला नाही. सरावाची जागा मात्र ते घेत नाही हो, हे शेवटचं वाक्य त्यांनी माझ्या पोटाकडे बघून म्हटलं.

परत येताना विचार केला. आमच्या घरात मांसमच्छी कधी आली नाही. म्हणजे पन्नाशीला आलो तरी बाहेरून एक कण टॉरिन पोटात गेलेला नाही. सगळा भार एकट्या लिव्हरवर. लाँड्रीच्या पायरीवर बसण्याचं कारण आज कळलं. सरावाचा प्रश्न नव्हताच.

२२ ऑगस्ट

खेळाच्या सामानाच्या दुकानात गेलो. टॉरिनचे डबे आहेत. प्रत्येकावर मान नसलेल्या माणसाचं चित्र. पोऱ्या म्हणाला, काका, मुलासाठी हवंय का? आजूबाजूचे दोन दंडवाले तरुण वळून बघायला लागले. मी म्हणालो, बॅडमिंटनचं फूल दाखव. फूल घेऊन आलो. बायकोने विचारलं, हे कशाला? म्हणालो, हेडसरांना खेळायला. हेडसरांनी फुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

त्या दुकानात पुन्हा जाणं नाही. घरात डबा असताना बाहेर हिंडायचं कशाला.

२५ ऑगस्ट

एक चमचा घेतला. पाण्यात टाकताच विरघळून गेला, पाणी नितळ. चव किंचित आंबट.

आधी देवाला सांगितलं की ही चोरी नाही, वाटणी आहे. डबा भरपूर मोठा आहे. देव काही बोलला नाही. तो एरवीही बोलत नाही, पण आज जरा जास्तच बोलला नाही.

पळायला गेलो. लाँड्री ओलांडली! पार चौकापर्यंत! टॉरिनचा गुण डोळ्यांनी पाहिला. (वारा मागून होता, पण वाऱ्याने काय होतं.)

हेडसरांचं खाणंपिणं आजपासून मी बघेन, तुला किती कामं, असं बायकोला सांगितलं. तिला इतकं बरं वाटलं की बहिणीला फोन करून सांगितलं. माझं कौतुक साडूच्या घरात पोचलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.

२ सप्टेंबर

डबा वाटला तितका मोठा नाही. आत वाकून बघावं लागतं.

नीट विचार केला. हेडसर दिवसभर झोपतात. उठतात, जागा बदलतात, झोपतात. स्नायूंवर असा ताण कितीसा येत असेल? मी रोज पहाटे (आठवड्यातून तीनदा) पळतो. गरज कोणाची जास्त? त्यांचा सकाळचा चमचा माझ्याकडे वळवला. संध्याकाळचा आहेच त्यांना. आजारी माणसालाही बरं वाटल्यावर औषध कमी करतातच.

प्रार्थनेला वेळ झाला नाही.

११ सप्टेंबर

संध्याकाळच्या चमच्याचा अर्धा केला. ठरवून नाही. चमचा डब्याच्या तळाला लागून आवाज झाला, बायको स्वयंपाकघरात येत होती, गडबडीत तेवढाच आला. मग तोच ठेवला.

प्रार्थनेला बसलो होतो. हेडसर समोर येऊन बसले. उठलो.

१९ सप्टेंबर

हेडसर खिडकीत चढले नाहीत. रोज त्या कट्ट्यावर बसून ते खालच्या रिक्षा तपासतात. आज कट्ट्याखाली उभे राहिले, वर बघितलं, मागचे पाय आखडले, आणि राहू दे असं ठरवून तिथेच बसले. श्वास भराभर चालला होता.

बायको म्हणाली, अगंबाई, यांना काय झालं? मी म्हणालो, हवा बदलली आहे. बायकोने माझ्याकडे बघितलं. टेबलावर माझा पाण्याचा पेला होता, त्यात चमचा.

मग तिने हेडसरांना उचलून कट्ट्यावर ठेवलं. हे मला सुचायला हवं होतं.

२० सप्टेंबर

बाईंचा फोन. नातू झाला. अभिनंदन केलं. लगेच त्यांनी विचारलं, हेडसर खिडकीत बसतात ना? मी म्हणालो, हो हो, बसतात. बसतातच. उचलून ठेवल्यावर बसतात.

बाई म्हणाल्या, तुमचे उपकार कसे फेडू. फोन ठेवल्यावर कान गरम होता. फोन जास्त वेळ चालला की होतो.

२२ सप्टेंबर

आज ऑफिसात तक्रारींच्या खिडकीवर एक आजी आल्या. शेजाऱ्याने त्यांच्या पाइपला जोड मारून पाणी आपल्या टाकीत घेतलं. आजी खिडकीच्या जाळीला तोंड लावून ओरडत होत्या, जणू तो शेजारी मीच. म्हणाल्या, अरे दुसऱ्याच्या वाट्याचं पिताना ह्यांच्या घशाखाली उतरतं तरी कसं? मी म्हणालो, आजी, शांत व्हा, पाणी प्या. म्हणाल्या, पाणी असतं तर इथं आले असते का?

तक्रार नोंदवली. अक्षर वाकडंतिकडं आलं. पेन बदललं.

उद्यापासून हेडसरांना दोन्ही वेळा पूर्ण चमचा. मी बंद. देवासमोर ठरवलं, दारातूनच, बूट घातलेले होते म्हणून.

२३ सप्टेंबर

साडूचा फोन. म्हणाला, साडूभाऊ, सराव कसा चाललाय? झेपत नसेल तर सांगा, तुमचं नाव पाच किलोमीटरमध्ये टाकतो, तिथं आजीआजोबाही असतात. मागून मेहुणीचं हसू ऐकू आलं.

घेतला. दोन चमचे. हे शेवटचे.

आश्चर्य म्हणजे काल तळाला गेलेला डबा आज चांगला अर्धा भरलेला दिसला. काल उजेड कमी असेल. म्हणजे मी समजत होतो तेवढं काही खाल्लं नव्हतं. उगाच मनाला लावून घेतो मी. पाणी आज दुधासारखं पांढरं झालं आणि चवच नव्हती. तळचा माल दमदार असतो, वरवर सगळं फिकं.

४ ऑक्टोबर

पांढरं टॉरिन पहिल्यापेक्षा नक्की भारी आहे. विरघळत नाही, पेल्याच्या तळाशी बसून राहतं. अस्सल असल्याची खूण. आज थेट पाण्याच्या टाकीपर्यंत गेलो. (येताना रिक्षा. गुडघा.)

हेडसरांचं खाणं बायकोने परत स्वतःकडे घेतलं. म्हणाली, तुम्ही पळा. मी फार ताणलं नाही.

१८ ऑक्टोबर

हेडसर उडी मारून खिडकीत बसले! कोणी उचललं नाही, काही नाही. बसल्या बसल्या खाली एका रिक्षावाल्यावर गुरकावलेही.

म्हणजे मी चुकलो नव्हतो. थोडी वाटणी त्यांना बाधली नाही. खरंच हवा बदलली होती. छातीवरचा दगड उतरला. बऱ्याच दिवसांनी प्रार्थनेला बसलो. पण नेहमीचे शब्द आठवेनात. सराव सुटला की असं होतं.

२७ ऑक्टोबर

डबा माझ्याकडे, खाणं बायकोकडे. मग ती हेडसरांना पावडर कधी घालते? मी ऑफिसात असताना घालत असेल. विचारणार होतो. पण विचारलं की डब्याचा विषय निघतो.

पँट कमरेत आवळते. मांड्यांचे आणि पोटाचे स्नायू भरत असावेत. ऑफिसात दुपारच्या डब्याच्या वेळी सगळ्यांना टॉरिन समजावून सांगितलं. कॅल्शियमची ये-जा, पेशीतलं पाणी. पाण्याच्या खात्यातला माणूस हे जितकं समजू शकतो तितकं डॉक्टरही नाही. प्लंबर म्हणाला, साहेब, म्हणजे पेशीत पण लिकेज असतं? म्हणालो, असतं. टॉरिन म्हणजे तिथला व्हॉल्व्ह. सगळे प्रभावित.

बायकोचा फोन, येताना कॉर्नफ्लॉवर आणा, मोठं पाकीट. आणलं. सूप तर आपण कधी करत नाही, म्हणालो. ती म्हणाली, हल्ली लागतं.

८ नोव्हेंबर

उद्या. टी-शर्ट घालून बघितला. बायकोने सांगितलेलं माप तेव्हा बरोबर होतं.

सगळी तयारी आहे. सर्वांत लांब किती पळालो याला महत्त्व नाही, शरीरात काय साठवलं आहे याला आहे.

९ नोव्हेंबर

पहाटे चार मोठे चमचे. चमचा पेल्यात उभा राहत होता.

सुरुवातीच्या रेषेवर शेजारी एक कॉलेजची मुलगी होती. तिला टॉरिन समजावलं. ती म्हणाली, काका, शिट्टी वाजली.

पहिला टप्पा उत्तम. दुसऱ्यात पोटात सिमेंट कालवल्यासारखं झालं. साडू मागून आला, म्हणाला, साडूभाऊ, सावकाश, आणि गेला. पाणी देणाऱ्या टेबलापाशी थांबलो. पाणी प्यायलो तसं पोटातलं आणखी घट्ट झालं. एक आजोबा काठी घेऊन गेले पुढे. मग रस्त्याच्या कडेच्या झाडाला धरून जे झालं ते लिहीत नाही. झाडाची माफी मागितली.

सगळ्यांच्या मागून येणाऱ्या गाडीत बसवलं. गाडीत मी एकटाच. ड्रायव्हर चांगला माणूस होता, बोलला नाही.

साडू शेवटाला मेडल घेऊन उभा होता. हसला नाही. पाणी दिलं, पाठ चोळली. म्हणाला, पहिल्या वर्षी मी पण ह्याच गाडीत होतो, बायकोला माहीत नाही, बोलू नका. तो हसला असता तर बरं झालं असतं.

११ नोव्हेंबर

हेडसरांची तपासणी. बायकोही आली. म्हणाली, आज मी पण येते.

डॉक्टरांनी मशीन लावून छाती बघितली. एकदम खुश. म्हणाले, हृदय पुष्कळ सावरलं आहे. मग माझ्याकडे नाही, बायकोकडे बघून म्हणाले, वहिनी, तेव्हा तुम्ही धावत आणलंत म्हणून. आणखी महिनाभर गेला असता तर मी काही करू शकलो नसतो. तो दुसरा डबा पुरला ना?

बायको म्हणाली, पुरला.

डॉक्टरांनी तिथूनच बाईंना फोन लावला, स्पीकरवर. बाई रडायलाच लागल्या. मला म्हणाल्या, तुम्ही देवमाणूस आहात हो. मी काहीतरी म्हणालो. काय म्हणालो ते बायकोनेही ऐकलं, डॉक्टरांनीही. तुम्ही आहात म्हणून, असं काहीतरी. नक्की आठवत नाही.

वाटेत बायको हेडसरांची पिशवी स्वतःच धरून चालली. मी मागून. पिशवीच्या जाळीतून हेडसर माझ्याकडे बघत होते.

त्याच दिवशी, संध्याकाळ

मग मी काय पीत होतो?

बायको खाली भाजी आणायला गेल्यावर डब्यातला एक चमचा भांड्यात घेतला, पाणी घातलं, गॅसवर ठेवून ढवळलं. खळ झाली. छान, घट्ट, चकचकीत. ऑफिसात पाकिटं चिकटवायला होते तशी.

बायको आली तेव्हा मी भांडं धरून उभा होतो. तिने पिशवी ठेवली. मी विचारलं, तुला कधीपासून माहीत आहे? ती म्हणाली, हेडसर खिडकीखाली बसले त्या दिवसापासून. चमचा तुमच्या पेल्यात होता, त्यांच्या ताटलीत नव्हता. दुसऱ्या दिवशी तुम्ही ऑफिसला गेल्यावर डॉक्टरांकडे नेलं.

मला बोलली का नाहीस, असं मी जरा आवाज चढवूनच विचारलं. ती कांदे काढून टोपलीत ठेवत राहिली. म्हणाली, तुम्ही प्रार्थनेला बसायचे थांबलात तेव्हा मला कळलं की तुम्हाला कळतंय. म्हटलं, आज बोलाल, उद्या बोलाल. मग म्हटलं, निदान तोवर तुमच्या पोटात काही वाईट जायला नको.

मी खुर्चीवर बसलो. हेडसर आले, दारात थांबले, आत आले नाहीत. नुसते बघत राहिले.

मी आपोआप उठून उभा राहिलो. भांडं हातातच होतं.

१२ नोव्हेंबर

बाईंना सांगायचं ठरवलं. फोन हातात घेतला. पण अशा गोष्टी फोनवर सांगू नयेत. बाळंतिणीचं घर. त्या आल्या की समोर बसून सांगेन. पहिल्याच दिवशी नको, प्रवासाचा शीण असतो.

१३ नोव्हेंबर

बाईंचाच फोन आला. नातवाला सोडवत नाही म्हणून आणखी महिना राहतात. म्हणाल्या, तुमच्याकडे आहेत म्हणूनच राहू शकते. सांगण्यासाठी तोंड उघडलं. बाई म्हणाल्या, काही म्हणालात का? म्हणालो, बाळाला जपा.

बायको शेजारीच पालक निवडत होती. मान वर केली नाही.

१५ नोव्हेंबर

पळणं बंद. लाँड्रीपर्यंत चालत जाऊन आलो. इस्त्रीवाला म्हणाला, काका, आज बसत नाही?

प्रार्थनेला बसलो. शब्द आले, पण मोठ्याने म्हणता आले नाहीत. हेडसर समोर बसले होते. हात जोडले होते, ते तसेच राहिले, कोणाला ते ठरवलं नाही. यावेळी उठलो नाही.

नंतर बायकोला म्हणालो, आजपासून हेडसरांचं औषध मी देतो. मला देऊ दे. तिने हात पुसले. मग वरच्या फळीवरून खरा डबा काढला, चमचा भरला, बोटाने सपाट केला आणि माझ्या हातात दिला.

चमचा दिला. डबा तिने परत वर ठेवला.